छातीचा फोटो आणि एक प्रश्नचिन्ह

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या वाटचालीविषयी माझ्याहून ज्येष्ठ मंडळी या व्यासपीठावरून बोलून गेली आहेत. मी आज रोगनिदानातील प्रतिमांविषयी, त्यातही छातीच्या एक्स-रेविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. तरीही हा विषय निवडला, कारण तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीशी निगडित आहे.

हैदराबादसारख्या शहरात मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे अध्यापनापलीकडची कितीतरी कामे येतात. घरात मराठी, बाजारात तेलुगू किंवा दखनी, आणि दवाखान्यातला अहवाल मात्र इंग्रजीत. त्यामुळे एक्स-रेचे मोठे पाकीट काखेत धरून पालक कार्यालयात येतात आणि म्हणतात, “बाई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा.” काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीची आई अशीच आली होती. मुलीचा ताप व खोकला हटत नव्हता. अहवाल चार ओळींचा होता. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात छाया दिसते, असे पहिल्या ओळीत होते. त्यानंतर एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘कॉख’ हे नाव. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. आपल्याकडील डॉक्टर ‘क्षय’ हा शब्द टाळण्यासाठी त्यांचे नाव लिहितात, एवढे मला ठाऊक होते. त्या माहितीचा मला थोडा अभिमानही होता. मी त्या माउलीला सांगितले, “उजव्या फुप्फुसात डाग आहे, टीबी दिसतोय.”

प्रश्नचिन्हाचे भाषांतर मी केले नाही. थुंकी तपासून घ्यावी, असे सांगणारी शेवटची ओळही मी वाचून दाखवली नाही.

ते प्रश्नचिन्ह तेथे का होते, हे समजून घेण्यासाठी मी नंतर पुष्कळ वाचले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन यांना काळ्या कागदातूनही आरपार जाणारे किरण आढळले. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसते. किरणांचे स्वरूप अज्ञात, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. मराठीने त्या ठिकाणी आपला ‘क्ष’ बसवला. आमच्या भाषेने केलेल्या नेमक्या भाषांतरांपैकी हे एक आहे, असे मला वाटते. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक रोंटगेन यांना मिळाले. या शोधाचे एकस्व मात्र त्यांनी घेतले नाही.

किरण जेथे अडतात, तेथे फिल्म पांढरी राहते. जेथे निर्वेध पोहोचतात, तेथे काळी होते. हाडातील कॅल्शियम त्यांना अडवते. फुप्फुसात हवा असते, म्हणून निरोगी फुप्फुस काळसर दिसते. तेथे पांढरट भाग दिसला, याचा अर्थ हवेची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे. ते क्षयाने झालेले घट्टपण असेल, न्यूमोनियाचा स्राव असेल, गाठ असेल किंवा जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराचा व्रणही असेल. छायेचा आकार व जागा यांवरून तज्ज्ञ अंदाज बांधतात, आणि तो बहुधा मोलाचा असतो. पण फोटोत जंतू दिसत नाही. दिसते ती छाया. पुढे सोनोग्राफी आली, १९७१ साली लंडनमध्ये हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूची सीटी प्रतिमा घेतली, एमआरआय आले. प्रतिमा कितीतरी सूक्ष्म झाल्या, तरी त्यांच्याही अहवालांत प्रश्नचिन्ह भेटतेच.

अमेरिकेत १९४७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचून तर मी थक्क झाले. हजाराहून अधिक व्यक्तींच्या छातीचे फोटो पाच अनुभवी तज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचायला दिले. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पुष्कळदा जुळले नाहीत. तेच फोटो काही काळाने पुन्हा दिले, तेव्हा त्यांचे स्वतःच्याच आधीच्या वाचनाशीही मतभेद झाले! निबंधाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. एकच निबंध सकाळी चौदा गुण मिळवतो आणि रात्री अकरा. म्हणून तर आपण फेरतपासणी ठेवतो.

आपल्या देशानेही हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. १९५५ ते १९५८ या काळात भारतात क्षयरोगाचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. ढोबळमानाने हजारी पंधरा जणांच्या फोटोत सक्रिय क्षयासारखी छाया आढळली. थुंकीत जंतू मात्र हजारी सुमारे चौघांच्याच सापडले. पुढे १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील संशोधकांनी दाखवून दिले की, खोकल्याने बेजार झालेली माणसे आपण होऊनच जवळच्या सरकारी दवाखान्यात जातात. मग खेड्यापाड्यांत एक्स-रेची यंत्रे फिरवण्याऐवजी त्या दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक आणि तो हाताळणारा माणूस असला, तर पुष्कळ काम होईल. गरीब देशाने काढलेला हा मार्ग मला अतिशय शहाणपणाचा वाटतो.

मग एक्स-रे निरुपयोगी का? मुळीच नाही. २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाचे पुन्हा देशव्यापी सर्वेक्षण झाले. केवळ लक्षणे विचारून थांबले असते, तर सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के निसटले असते. ते छातीच्या फोटोमुळे हाती लागले. त्यांना खोकला, ताप असे काही जाणवतच नव्हते. म्हणून आता हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे घेऊन आरोग्य कर्मचारी पुन्हा वस्त्यांमध्ये जात आहेत. कोणाकडे बारकाईने पाहायचे, ते फोटो सांगतो. मग थुंकीची सीबीनॅट तपासणी होते. जंतू आहे की नाही, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही, हे त्यातून सुमारे दोन तासांत कळते.

आता त्या मुलीविषयी. माझ्या कार्यालयातून निघाल्यावर आईने पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याचे धाडस केले नाही. ‘वस्तीत कळलं तर पुढे हिचं लग्न कसं व्हायचं,’ ही तिची पहिली चिंता. आठवड्याभरात ती मुलीला घेऊन नांदेड जिल्ह्यातील माहेरी गेली. तेथील सरकारी रुग्णालयात दोनदा थुंकी तपासली, जंतू नव्हते. न्यूमोनियावरची औषधे दिली, काही आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला, तेव्हा छाया जवळजवळ नाहीशी झाली होती. मूल बरे झाले. परंतु येथे वस्तीत तो शब्द पसरायचा तो पसरलाच होता. पुढच्या जूनपर्यंत मुलगी परतली नाही आणि तिला सातवीत पुन्हा बसावे लागले. तिच्या मैत्रिणी आठवीच्या वर्गात जात, तेव्हा ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाने जाई. मी ते रोज पाहत असे. आईने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. ‘बाईंनी वाचून सांगितलं’ म्हणजे ते खरेच असणार, असा तिचा विश्वास होता. आणि समजा, क्षय असताच, तरी सहा महिन्यांच्या मोफत उपचारांनी बऱ्या होणाऱ्या रोगासाठी मुलीला असे लपवण्याची गरज नव्हती. हेही तिला त्याच वेळी सांगायला हवे होते. ते मी सांगितले नाही.

अहवाल वाचून देणे मी बंद केलेले नाही. बंद केले, तर ही माणसे कोणाकडे जातील? परंतु आता मी ते तोंडी सांगत नाही. प्रत्येक ओळ मराठीत कागदावर लिहून देते. ‘असावे’ला ‘आहे’ करत नाही, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्याखाली लिहिते.

गेल्या महिन्यात पाचवीतल्या एका मुलाची आजी असेच पाकीट घेऊन आली. मी आधी शेवटची ओळ वाचली. थुंकी तपासण्याची सूचना होती. कागद लिहून दिला, प्रश्नचिन्हासकट, आणि आपल्या शाळेच्या सेविकाताईंना आजींबरोबर रुग्णालयात पाठवले. तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे. मुलाचे नाव हजेरीपटावर आहे, आणि बाकावर त्याची जागा राखून ठेवली आहे.