हौशी मासेमारीची नौका आणि तिच्या इंजिनाची जागा



होडी विकत घेऊ पाहणाऱ्याची नजर प्रथम तिच्या आकाराकडे व रंगाकडे जाते. मग तो इंजिनाची अश्वशक्ती विचारतो. ते इंजिन होडीत कोठे बसविले आहे आणि त्याची शक्ती पाण्यातील पंख्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी निघतो. वास्तविक तो सर्वांत आधी निघावयास हवा. रस्त्यात मोटार बंद पडली तर ती कडेला लावून माणूस पायी गावात जाऊ शकतो. किनारा दृष्टीआड झाल्यावर ही सोय उरत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. गल्फ स्ट्रीम नावाचा उबदार पाण्याचा समुद्रप्रवाह तेथे किनाऱ्याच्या अगदी जवळून, पाम बीचसमोर तर अवघ्या काही मैलांवरून, वाहतो. त्या प्रवाहात सेलफिश, मार्लिन आणि आपल्या कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्या जातीचे मोठे मासे येतात. ते गळाने व काठीने धरण्याचा छंद तेथे शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. या छंदासाठी बांधलेल्या पंचवीस ते पस्तीस फुटी होड्यांना इंजिन कसे जोडावे, याविषयी तेथील हौशी मंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष इनबोर्डचा आणि दुसरा स्टर्नड्राइव्हचा.

इनबोर्डची रचना जुनी व सरळ आहे. इंजिन होडीच्या पोटात, मध्याच्या आसपास असते. त्याच्यापासून निघालेला पोलादी दांडा तिरपा होऊन तळातून बाहेर पडतो; त्याच्या टोकाला पंखा आणि पंख्याच्या मागे सुकाणू. गोव्यात मालीमच्या किंवा कुटबणच्या धक्क्याला लागलेले ट्रॉलर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही मांडणी नवीन नाही. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन होडीच्या आत, परंतु अगदी मागच्या फळीला टेकून बसते. त्याची शक्ती फळीतील भोकातून बाहेर जाते, दातेरी चाकांच्या साहाय्याने काटकोनात खाली वळते, पुन्हा काटकोनात मागे वळते आणि पंख्याला मिळते. बाहेरचा हा सगळा भाग म्हणजे होडीचा जणू एक पायच. तो डावीउजवीकडे वळतो, म्हणून निराळे सुकाणू लागत नाही. आणि तो वर उचलता येतो, म्हणून उथळ पाण्यात अडचण पडत नाही.

ही दुसरी रचना प्रचारात आणण्याचे श्रेय मुख्यतः जिम विन या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. याच विनने १९५८ साली बाहेरून इंजिन लावलेल्या लहानशा होडीतून अटलांटिक महासागर पार केला होता. त्याची कल्पना स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने उचलली आणि १९५९ साली ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने ती बाजारात आणली. पाठोपाठ १९६१ साली अमेरिकेत ‘मर्क्रूझर’ आले. मोटारीचे स्वस्त व बळकट इंजिन होडीला जोडण्याची ही युक्ती इतकी सोयीची ठरली की, पुढील काही दशकांत सहलीच्या लाखो होड्यांना तीच बसली.

तिचे गुण खरे आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही. इनबोर्डचा दांडा तिरपा असल्यामुळे पंख्याचा काही जोर होडीला पुढे ढकलण्याऐवजी वर उचलण्यात खर्च होतो. शिवाय दांडा, त्याचा आधार आणि सुकाणू हे सारे पाण्याला अडवीत असतात. स्टर्नड्राइव्हचा पंखा सरळ मागे ढकलतो आणि त्याचा कोन चालत्या होडीतूनच कमीजास्त करता येतो. त्यामुळे तेवढ्याच अश्वशक्तीत ती होडी अधिक वेगाने पळते आणि इंधनही कमी पिते. १९८२ साली व्होल्व्हो पेंटाने एकाच पायावर परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे बसविले, तेव्हा तिची पकड आणखी सुधारली. ज्याला होडी घराच्या अंगणात ठेवावयाची, मोटारीमागच्या गाड्यावर घालून खाडीपर्यंत न्यावयाची आणि संध्याकाळी परत आणावयाची आहे, त्याच्या दृष्टीने स्टर्नड्राइव्हला तोड मिळणे कठीण.

परंतु हौशी मासेमारीत होडीचा मागचा भाग हेच रणांगण असते. मोठा मासा गळाला लागला की माणूस मागच्या मोकळ्या चौकात उभा राहून त्याच्याशी झुंजतो. मासा कधी शंभर वाव दोरा घेऊन पळतो, कधी उलटून होडीच्या खालीच शिरतो. तेव्हा त्या माणसाला मागच्या कठड्याला मांड्या टेकून काठी थेट पाण्यावर धरता आली पाहिजे. स्टर्नड्राइव्हच्या होडीत नेमक्या त्याच जागी इंजिनाची पेटी ठाण मांडून बसलेली असते, आणि फळीबाहेर तो पाय व पंखा. माशाने खाली सूर मारला की ताणलेला दोरा त्या पायाला घासतो आणि क्षणात तुटतो. इनबोर्डचा पंखा होडीच्या तळाखाली, मागच्या फळीच्या आत दडलेला असतो. दोरा तेथेही अडकू शकतो, पण धोका पुष्कळ कमी.

दुसरी गोष्ट उलट चालीची. मोठ्या माशाने दोरा ओढून नेला तर नावाड्याला होडी मागे मागे घेत त्याच्यापर्यंत जावे लागते. दोन इंजिनांची इनबोर्ड होडी या कामात पटाईत असते. तिचे पंखे मोठे व एकमेकांपासून दूर असतात. एक पुढे व दुसरा मागे फिरविला की होडी जागच्या जागी गिरकी घेते. स्टर्नड्राइव्हच्या पुष्कळ प्रकारांत इंजिनाचा धूर पंख्याच्या मधूनच पाण्यात सोडलेला असतो. उलट चालीत पंखा आपल्याच धुराच्या बुडबुड्यांत फिरू लागतो आणि त्याची पकड ढिली पडते. एकच इंजिन असेल तर मात्र पारडे फिरते. एका पंख्याची इनबोर्ड होडी मागे जाताना सुकाणूला फारशी जुमानत नाही. एका बाजूस ओढत राहते. स्टर्नड्राइव्हमध्ये पंखाच वळत असल्यामुळे होडी मागे नेतानाही दिशा देता येते.

वजनाचाही विचार करावा लागतो. इंजिन मध्यावर असले की होडी लाटांवर समतोल बसते. ते अगदी मागे असले तर पुढचे तोंड हलके होते आणि समोरून येणाऱ्या लाटांवर आपटू लागते. रे हंट या आराखडाकाराच्या खोल इंग्रजी व्ही आकाराच्या तळावरून तयार झालेली ‘बर्ट्रम ३१’ ही होडी १९६१ पासून नावाजली, ती उसळत्या समुद्रातील तिच्या चालीमुळे. तिच्यातील दोन इनबोर्ड इंजिने मागील चौकाच्या पुढच्या अंगाला पेट्यांत बसविलेली असत. त्या पेट्या बसावयाच्या कामी येत आणि मागचा कठडा मोकळा राही. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची ‘पिलार’ ही अडतीस फुटी होडी १९३४ साली ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्यात बांधली गेली. तिलाही पंचाहत्तर अश्वशक्तीचे मुख्य इंजिन आणि त्याखेरीज चाळीस अश्वशक्तीचे दुसरे स्वतंत्र इंजिन होते. गळ ओढीत सावकाश फिरण्यासाठी ते उपयोगी पडे आणि मुख्य इंजिन रुसले तर घरी पोहोचण्याची सोयही होई. भर समुद्रात जाणाऱ्याला दुसऱ्या इंजिनाचे मोल तेव्हाही कळत होते.

आता मिठाचा प्रश्न. आणि खरा निवाडा येथेच होतो. स्टर्नड्राइव्हचा पाय अ‍ॅल्युमिनियमचा असतो. खाऱ्या पाण्यात निरनिराळे धातू एकत्र आले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. ते वाचावे म्हणून त्यावर जस्ताचे किंवा तत्सम धातूचे तुकडे लावतात. ते स्वतः झिजतात आणि पाय राखतात. निम्मे झिजले की बदलावयाचे. तळाला शेवाळ व कालवे धरू नयेत म्हणून लावतात तो तांबेयुक्त रंग या पायाला कदापि लावता येत नाही, कारण तांब्याच्या सहवासात अ‍ॅल्युमिनियम अधिकच लवकर सडते. शिवाय पाय वर उचलला तरी त्याचा काही भाग पाण्यातच राहतो.

याहून नाजूक वस्तू म्हणजे रबरी भाता. फळीतील भोकातून शक्ती बाहेर नेणाऱ्या सांध्याभोवती तो बसविलेला असतो. पाय वळतो, उचलला जातो, तेव्हा हा भाता लोहाराच्या भात्याप्रमाणे आकसतो व पसरतो. तो पाण्याच्या पातळीखाली असतो, आणि रबर कालांतराने कडक होऊन चिरतेच. चिरलेल्या भात्यातून पाणी शिरून धक्क्याला बांधलेली होडी रात्रीतून बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून काही वर्षांनी होडी वर काढून तो बदलणे भागच असते. इनबोर्डचा दांडा तळातून बाहेर पडतो तेथे मेणचट दोऱ्यांची गच्च भरलेली पेटी असते. दांडा फिरताना जुन्या पद्धतीच्या पेटीतून थेंब थेंब पाणी आत यावे, अशीच तिची योजना असते. त्या पाण्याने दांडा थंड राहतो. थेंबांची धार झाली तर हत्याराने पेटी आवळावयाची. दोष आतूनच दिसतो आणि पुष्कळदा आतूनच निस्तरता येतो, हा इनबोर्डचा मोठा दिलासा आहे. उलट, तिची दुबळी जागा तळाखाली आहे. खडकाला किंवा वाळूला टेकली की पंखा, दांडा, सुकाणू सारेच वाकते. स्टर्नड्राइव्हचा पाय अशा वेळी वर उचलून सुटका करून घेता येते.

एका बाबतीत दोघींना सारखेच भय आहे, ते पेट्रोलच्या वाफेचे. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे होडीच्या तळाशी साचते. म्हणून पेट्रोलचे इंजिन बंद कप्प्यात असेल तर ते सुरू करण्यापूर्वी विजेच्या पंख्याने चार मिनिटे तरी तळची हवा बाहेर काढावी, आणि स्वतः वासही घेऊन पाहावा. डिझेल या दृष्टीने पुष्कळ निर्धोक. मोठ्या डिझेल इंजिनाचा जोर दोनदा काटकोनात वळविणे दातेरी चाकांना जड जाते, म्हणूनही अशा इंजिनांना बहुधा सरळ दांडाच देतात. ओझे ओढणारे आणि सतत पाण्यात राहणारे आपल्याकडील ट्रॉलर दांड्यावरच चालतात, यामागील कारणे हीच.

गेल्या काही वर्षांत बाहेरून लावावयाची शक्तिमान इंजिने निघाल्यामुळे लहान मासेमार होड्यांतून या दोन्ही रचना मागे हटू लागल्या आहेत, हेही लक्षात ठेवावे. तथापि जुन्या होड्यांच्या बाजारात हा प्रश्न अजून रोज उभा राहतो. त्याचे उत्तर होडीच्या वेगात शोधू नये. होडी रात्री कोठे राहणार, गाड्यावर की खाऱ्या पाण्यात? तिचे पाणी खाडीचे की खोल समुद्राचे? मागे उभे राहून मोठ्या माशाशी झुंजावयाचे आहे, की सकाळी मासे धरून दुपारी मुलाबाळांना फिरवावयाचे आहे? ज्याची होडी गाड्यावर राहते आणि खाडीत फिरते, त्याने स्टर्नड्राइव्ह खुशाल घ्यावी व दर वर्षी तिची निगा राखावी. ज्याची होडी बारा महिने खाऱ्या पाण्यात उभी राहणार आणि किनारा सोडून दूर जाणार, त्याने थोडा वेग सोडून इनबोर्ड पत्करावी, आणि ऐपत असल्यास दोन इंजिनांची.

जुनी स्टर्नड्राइव्ह होडी पसंत पडलीच, तर पैसे मोजण्यापूर्वी तिच्या पायातील तेल थोडे बाहेर काढून पाहावे. ते स्वच्छ असेल तर पुढे बोलणी करावी. दुधासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि भात्याचे, चाकांचे व दुरुस्तीचे पैसे किमतीत धरल्याखेरीज शब्द देऊ नये.