ताणा तुटतो तेव्हा

कामाच्या ठिकाणची अडचण सुटायची तर ती आधी दिसावी लागते, आणि ती दाखवणाऱ्याचे नुकसान होता कामा नये. दुसरी अट बहुतेक ठिकाणी मोडते. यंत्रमागांच्या भिवंडीत याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही.

साध्या यंत्रमागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तर माग आपोआप थांबतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर माग चालूच राहतो. तो तुटलेला धागा विणकरालाच दिसावा लागतो. चार-सहा माग एकट्याने सांभाळणाऱ्या आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या माणसाने माग बंद करायचा म्हणजे स्वतःची कमाई बंद करायची. मग कापडात उभी रेघ पडते, तपासणीत ताका खराब ठरतो, मजुरी कापली जाते. ताणा मात्र पुढच्या पाळीतही तुटतोच.

कारण मागे कुठेतरी असते. सायझिंगमध्ये खळ नीट बसलेली नसते, सूतच कच्चे असते, फणी खरखरीत झालेली असते, किंवा शेडमधली हवा कोरडी पडलेली असते. कोरड्या हवेत सुती धाग्याची ताकद घटते. यांतले विणकराच्या हातात जवळजवळ काहीच नाही. तरी कोणत्या बीमवर, दिवसाच्या कोणत्या वेळी धागे जास्त तुटतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्याला कोणी विचारत नाही, एवढेच.

जपानच्या साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात ताणा तुटताच माग थांबे. दोष पुढे जाऊ द्यायचा नाही, हा विचार पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेला. तिथे ताइची ओनो यांनी प्रत्येक दोषामागे पाच वेळा ‘का?’ विचारण्याची शिस्त रुजवली. तेही मूळचे टोयोडांच्या कापड गिरणीतले. पाच या आकड्यात जादू नाही. पुष्कळ कारखान्यांत हा ‘का?’ मालकाच्या केबिनच्या दाराशी येऊन अडतो, ही खरी अडचण.

काही प्रश्न तर कारखान्याच्या भिंतींत मावतच नाहीत. वीज गेली की माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचा पाना कामाचा नाही. भिवंडीत वीजगळती इतकी वाढली होती, की जानेवारी २००७ मध्ये महावितरणने शहराचे वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले. असा प्रयोग देशात पहिल्यांदाच होत होता.