बालवीरांचा आकाशांतील मेळावा

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत चकलांबा हें गांव आहे. तेथील एखाद्या शाळकरी बालवीरानें जगांतील बालवीरांचा मेळावा पाहावयाचा म्हटलें, तर पहिल्याच पावलाला आडवा येतो तो वाटखर्च. विमानाचें भाडें शेतकऱ्याच्या घराला झेपणारें नव्हे. ज्या मेळाव्यांत विश्वबंधुत्वाचा पाठ द्यावयाचा, त्याचें दार अशा रीतीनें बहुधा सधनांच्या मुलांनाच उघडें राहतें. हें वैगुण्य पुष्कळ अंशीं दूर करणारें एक साधन आहे. तें म्हणजे हौशी नभोवाणी.

१९५७ सालीं इंग्लंडांत सटन कोल्डफील्ड येथें बालवीर चळवळीचा सुवर्णमहोत्सवी मेळावा भरला होता. तेथें जमलेल्या कांहीं बालवीरांना बिनतारी संदेशांचा छंद होता. घरीं परतल्यावरहि आकाशमार्गें भेटत राहावें, असें त्यांनीं ठरविलें. लेस्ली मिचेल या गृहस्थांनीं या कल्पनेला आकार दिला आणि मे १९५८ मध्यें पहिला 'आकाशांतील मेळावा' पार पडला. 'जोटा' या नांवानें ओळखला जाणारा हा मेळावा आतां दरवर्षीं ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारीं भरतो.

यांतील शास्त्र समजण्यास कठीण नाहीं. पृथ्वीपासून शेंकडों किलोमीटर उंचीवर, सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेले हवेचे विरळ थर असतात. सुमारें वीस मीटर लांबीच्या लहरी त्यांवरून परत वळतात आणि पुन्हां दूर देशीं जमिनीवर उतरतात. दोन निंबांच्या झाडांमध्यें ताणलेली दहा मीटर तार आणि शंभर वॅट शक्तीचें यंत्र एवढ्यावर समुद्रापलीकडे बोलतां येतें. चकलांब्यास सायंकाळचे सहा वाजले असतां, त्या मेळाव्याच्या दिवसांत लंडनमध्यें दुपारचा दीड आणि टोकियोस रात्रींचे साडेनऊ झालेले असतात. भूगोलाच्या पुस्तकांतील रेखांश येथें जिवंत होतात.

या भेटींना एक शिस्त आहे. बोलण्यासाठीं कळ दाबली कीं ऐकूं येणें बंद होतें. म्हणून आपलें बोलणें संपवून कळ सोडावी आणि समोरच्याचें शांतपणें ऐकावें. व्यापार आणि जाहिरात येथें वर्ज्य. उच्चार परक्या कानाला कळावा म्हणून गांवाचें नांवहि अक्षरशः सांगावें लागतें: चार्ली, होटेल, आल्फा, किलो, लिमा, आल्फा, माइक, ब्राव्हो, आल्फा. पलीकडचा मुलगा तें लिहून घेतो, परत वाचून दाखवितो, आणि चकलांबा हें नांव सातासमुद्रांपलीकडील एका वहींत उतरतें. या मेळाव्यांत गुण नाहींत, बक्षीस नाहीं. भेटीची खूण म्हणून डाकेनें येणारें एक कार्ड, एवढेंच.

मात्र आकाश मोकळें असलें तरी त्यांत बोलण्यास सरकारी परवाना लागतो. भारतांत बारा वर्षें पूर्ण झालेल्या मुलालाहि त्याची परीक्षा देतां येते. तोंवर परवानाधारकाच्या केंद्रावर, त्याच्या देखरेखीखालीं आणि नियमांच्या मर्यादेंत ही विद्या शिकावी.

ही विद्या नुसता खेळ नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यांत किल्लारीस भूकंप झाला, तेव्हां हौशी नभोवाणीकारांनीं संदेशवहनास हातभार लावला. ज्या कानांना दूरच्या मित्राचा क्षीण आवाज ओळखण्याची संवय असते, त्यांनाच संकटांतील हांक लवकर ऐकूं येते. चकलांब्यासारख्या गांवीं एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी परीक्षेस बसले, तरी पुढच्या ऑक्टोबरांतील मेळाव्यासाठीं कोणाला गांव सोडून जाण्याचें कारण उरणार नाहीं.