स्कोअरमधली ओळ ही मानाची ओळ नव्हे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



यंदा आपल्या तरुण मंडळींनी बासरी, क्लॅरिनेट, ट्रंपेट, तबला, कीबोर्ड आणि व्हायोलिन असा वाद्यवृंद उभा केला आहे. तालमी चालू असताना एका पालकांनी विचारले, "आमची मुलगी मुख्य चाल वाजवते. मग कागदावर तिचे व्हायोलिन बासरी-ट्रंपेटच्या खाली कसे?" मुलगीही हिरमुसली आणि दोन दिवस तालमीला आली नाही. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देतो.

स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचे काम एकाखाली एक लिहिलेला संचालकाचा कागद. वादकाकडे फक्त त्याचा भाग असतो, संचालकाला मात्र उभ्या रेषेत एका क्षणी कोण वाजवतो आणि कोण थांबतो हे दिसावे लागते. त्यासाठी ठरलेला क्रम असा: सर्वांत वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून ही लाकडी फुंकवाद्ये, मग फ्रेंच हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा ही पितळी वाद्ये, त्याखाली टिंपनी व इतर तालवाद्ये, मग हार्प व पियानो, आणि शेवटी पहिले व दुसरे व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास. एकल वादक असल्यास त्याची ओळ पहिल्या व्हायोलिनच्या लगेच वर येते. आधी घराणे, मग घराण्यात उंच आवाजाकडून खर्जाकडे, एवढाच हा नियम. प्रत्येक घराण्याला डावीकडे कंस असतो आणि तालाच्या उभ्या रेघा घराण्यापुरत्याच जोडतात, त्यामुळे नजर चुकत नाही.

नियमाला अपवादही आहे. फ्रेंच हॉर्नचा आवाज ट्रंपेटपेक्षा खालचा, तरी त्याची ओळ वर. कारण हॉर्नचे सूर बसून, क्लॅरिनेटमध्ये छान मिसळतात. ज्यांचे एकमेकांशी जमते, त्यांना शेजारी बसवले.

हा क्रम काही आकाशातून पडलेला नाही. बाखच्या 'बी मायनर मास'मध्ये ट्रंपेट आणि टिंपनी अगदी वर आहेत. मोझार्टच्या अनेक हस्तलिखितांत व्हायोलिने वर आणि खर्ज तळाला. आजचा क्रम एकोणिसाव्या शतकात रुळला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. बेथोव्हनची पाचवी सिंफनी 1808 साली व्हिएन्नात प्रथम वाजली. तिचे सुरुवातीचे प्रसिद्ध चार स्वर तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट मिळून वाजवतात. म्हणजे पानाच्या वरच्या भागात एका क्लॅरिनेटचीच ओळ भरलेली, बाकी सारी विश्रांती. आणि तळाच्या तंतुवाद्यांच्या ओळी भरलेल्या. सिंफनीची ओळख झाली ती पानाच्या तळातून! स्मरणिकेतल्या कार्यकारिणीच्या यादीत अध्यक्ष वर असतात, तसा हिशेब स्कोअरला लावता येत नाही.

लष्करी बँड आपल्या गावाला नवा नाही. जबलपुरात ग्रेनेडियर्सचे केंद्र आहे आणि पचमढीत लष्करी संगीताचे शिक्षण मिळते. तिथल्या बँडमध्ये व्हायोलिन नसते. ते काम क्लॅरिनेटवर येते. बँडच्या स्कोअरमध्ये सॅक्सोफोन क्लॅरिनेटांच्या खाली, मग पितळी वाद्ये आणि बहुतेक वेळा तालवाद्ये अगदी तळाला. पण ढोलाचा ठोका चुकला तर सगळी पथके थांबतील!

आपल्या चित्रपटसंगीतातही हेच दिसते. संगीतकार चाल देत, पण प्रत्येक वाद्याने काय वाजवायचे हे लिहिणारे संयोजक वेगळे असत. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांनी प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन सेबॅस्टियन डिसूझा करीत. ही नावे कितीजणांना ठाऊक होती? 'अमर अकबर अँथनी' (1977) मधल्या गाण्यामुळे गोन्साल्विस हे नाव घराघरांत गेले, तेही आपल्या गुरूला शिष्याने केलेले वंदन होते, हे फार थोड्यांना माहीत असेल.

तर मुलांनो, आपल्या कागदावर असे लिहा: बासरी, क्लॅरिनेट, ट्रंपेट, मग तबला, ढोलकी, झांज, मग कीबोर्ड, त्याखाली गायक, आणि शेवटी व्हायोलिने. तबल्याला पाच रेघा नकोत, एका रेघेवर बोल लिहिले तरी भागते. प्रत्येक ओळीच्या आरंभी वाद्याचे नाव लिहा, कडव्यांना अ, ब, क अशी अक्षरे द्या. 'ब पासून' म्हटले की सगळे एकाच ठिकाणी हजर! तालमीचा वेळ वाचेल. एकदा ठरवलेला क्रम मात्र प्रत्येक पानावर तोच ठेवा.

आणि पालकहो, मुलाची ओळ कितवी, हे मोजू नका. त्याला शेजारच्या ओळीचे सूर ऐकू येतात का, ते विचारा. तेवढे झाले की वृंद तयार झाला समजा.

गणपती बाप्पा मोरया!