पानिपतचा नकाशा मी उलटा काढत होतो

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत.)

आजचा भाग म्हणजे थोडा कबुलीजबाबच आहे. वीसेक वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपतचा धडा आला की फळ्यावर दोन बाण काढायचो. खालून वर जाणारा बाण मराठ्यांचा, वरून खाली येणारा अब्दालीचा. मधे फुली मारायची आणि बाजूला लिहायचं, १४ जानेवारी १७६१. मराठे दक्षिणेकडून गेले, अब्दाली वायव्येकडून आला, मधे गाठ पडली. इतकं सरळ. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

एका वर्षी सहामाहीच्या पेपरात एका मुलाने मराठ्यांची छावणी वर काढली आणि अब्दालीची खाली. मी लाल पेनाने फुली मारली, एक मार्क कापला. शेरासुद्धा लिहिला, 'दिशा नीट पाहा.'

निवृत्तीनंतर पानिपतला जायचा योग आला. गावाबाहेर काला अंब म्हणून स्मारक आहे, तिथे उभा राहिलो. आजूबाजूला शेतं. डोंगर सोडा, डोळ्याला साधी टेकडी दिसत नाही. मी साताऱ्याकडचा माणूस, चारी बाजूंना कुठेतरी डोंगर दिसल्याशिवाय मला आपण नेमके कुठे आहोत ते कळत नाही. म्हणून मोबाइलवरचा नकाशा उघडला आणि सोबत नेलेल्या पुस्तकातली मोहीम गावागावाने त्याच्यावर लावत गेलो. तेव्हा कळलं, चूक माझी होती.

काय झालं होतं ते बघा. मार्च १७६० मध्ये सदाशिवराव भाऊ परतूरहून निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली हातात आली. अब्दाली तेव्हा कुठे होता? अफगाणिस्तानात नव्हे. तो यमुनेच्या पलीकडे, गंगा-यमुनेच्या दुआबात बसला होता. पावसाळ्यात त्याचा तळ गंगेकाठी अनुपशहरला होता. नजीबखान रोहिल्याचा मुलूख तिकडेच, त्यामुळे धान्याची ददात नाही. म्हणजे एका काठावर मराठे, दुसऱ्या काठावर अब्दाली आणि मधे दुथडी भरलेली यमुना.

आता ही नदी नकाशावर निळी रेघ असते. बाराही महिने तेवढीच जाड. पण जानेवारी १७६० मध्ये दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, तेव्हा हीच नदी उथळ होती, शत्रू पाण्यातून चालत अलीकडे आला. आणि त्याच वर्षी पावसाळ्यात तीच नदी भिंतीसारखी उभी. आपण सनावळ्या पाठ करतो, पण त्या तारखेला नदीला पाणी किती होतं, हे विचारत नाही.

नदी उतरेपर्यंत भाऊ उत्तरेकडे सरकले. कर्नालजवळ यमुनेच्या अलीकडच्या काठाला कुंजपुरा आहे. तिथे अब्दालीसाठी साठवलेलं धान्य होतं. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी ते ठाणं घेतलं. मोठा विजय. तिथून कुरुक्षेत्राकडे जायचा बेत होता. आणि इकडे २५ ऑक्टोबरच्या सुमाराला अब्दालीने बागपतजवळ नदी ओलांडायला सुरुवात केली. पाणी अजून पुरतं ओसरलं नव्हतं, त्याची माणसं वाहून गेली, तरी तो अलीकडे आला.

नकाशात बघा, कुंजपुरा वर आहे, बागपत खाली. मधे साधारण ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर. म्हणजे अब्दाली मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधे येऊन उभा राहिला. भाऊंना मागे वळावं लागलं, ते पानिपतला आले आणि तिथेच अडकले. पानिपतच्या रणांगणावर मराठे उत्तरेला होते आणि अब्दाली दक्षिणेला. त्या पोराने काढलं होतं, अगदी तसंच.

तुम्ही म्हणाल, सर, वर काय आणि खाली काय, हरलो ते हरलो. नाही मंडळी. बाण उलटा केला की सगळी गोष्टच बदलते.

माझ्या फळ्यावरच्या नकाशात मराठ्यांच्या पाठीशी दिल्ली होती, माळवा होता, पुणं होतं. मग मुलं विचारायची, सर, ते मागे का नाही फिरले? उपाशी का राहिले? आणि मी सांगायचो, अहो, भाऊंचा हट्ट, गर्व, बाजारबुणग्यांची गर्दी. कारणं सगळी माणसांच्या स्वभावात. खऱ्या नकाशात त्यांच्या पाठीशी परका मुलूख होता, आणि घराकडे जाणाऱ्या वाटेवर, तोंडासमोर शत्रू. पुणं तिथून सरळ रेषेत मोजलं तरी बाराशे किलोमीटरच्या वर. दुआबातून रसद आणायची कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांकडे होती, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. अब्दालीच्या बाजूला मात्र नदीपलीकडचा रोहिल्यांचा सुपीक मुलूख मोकळा. अडीच महिने ही कोंडी चालली. एकाला रोज धान्य मिळतंय, दुसऱ्याचं रोज कमी होतंय.

म्हणजे १४ जानेवारीला मराठे सकाळी बाहेर पडले ते भुकेने, दिल्लीच्या दिशेने वाट फोडायला. घरी जायची वाट हो! इब्राहिमखान गारद्याच्या तोफा सोबत घेऊन, गोल करून, बायकामाणसं, यात्रेकरू सगळ्यांना सांभाळत. हे कळल्यावर मला 'भाऊंनी चूक केली' हे वाक्य पूर्वीसारखं सहज म्हणता येईना. चुका झाल्याच, नदीवर उतार राखायला माणसं नीट नव्हती ही मोठी चूक. पण ती चूक भूगोलाची आहे, गर्वाची नाही.

आणखी एक. जानेवारीत पानिपतला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंशांवर असतो, तोही दक्षिणेला. आपल्या पुण्यात तो पन्नास अंशांवर चढतो. दक्षिणेकडे तोंड करून लढणाऱ्या उपाशी माणसाच्या डोळ्यांत तो सरळ येणार. त्यामुळेच हरलो असं मी म्हणत नाही. पण मी तिथे दुपारी दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो, तेव्हा कपाळावर हात धरावा लागला.

आणि पानिपतच का? १५२६, १५५६, १७६१, तिन्ही लढाया तिथेच. वरती शिवालिकचे डोंगर, खाली राजस्थानचं वाळवंट. वायव्येकडून दिल्लीला येणाऱ्या फौजेला दाणापाणी मिळेल असा पट्टा हाच. कुरुक्षेत्र, पृथ्वीराज चौहान लढला ते तराईन, नादिरशाहाने १७३९ मध्ये जिंकलेलं कर्नाल आणि पानिपत, सगळं सत्तरेक किलोमीटरच्या आत. आणि गनिमी कावा? तो सह्याद्रीचा. खिंड नाही, जंगल नाही, घाट नाही, तिथे दबा कुठे धरणार?

आपल्याकडे पोरगं नापास झालं, धंदा बुडाला, की म्हणतात 'पानिपत झालं'. एवढा जवळचा शब्द, आणि पानिपत नेमकं कसं झालं ते मी वीस वर्षं उलटं शिकवलं.

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर खरा नकाशा टाकला. खाली लिहिलं, 'तुमच्या वहीतला बाण चुकीचा आहे, चूक माझी.' त्या पेपरवाल्याचं नावही घेतलं, त्याची माफी मागितली. तो आता चाळिशीचा आहे, ट्रान्सपोर्टचा धंदा करतो. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं, 'सर, तेव्हा मी पुस्तकात नव्हतं बघितलं. आमचे आजोबा ट्रकवर होते, त्यांनी त्या रस्त्यावर गाडी चालवली होती. त्यांनी सांगितलं तसं काढलं.' आणि खाली, 'मार्क परत देणार का?'

दिला, मंडळी.

तुमच्याही घरात असं कोणी असेल. ड्रायव्हर, मेंढपाळ, वारीला पायी जाणारी आजी. इतिहास वाचताना त्यांना एकदा वाट विचारा, आणि नकाशा उघडा ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.