शब्द एक, अर्थहि एक

जुन्या काळीं मुंबईच्या बाजारांत एक मण म्हणजे सुमारें २८ पौंड, आणि बंगालच्या बाजारांत तोच मण ८२ पौंडांहून अधिक असे. शब्द एकच, पण मुंबईच्या व्यापाऱ्याला कलकत्त्याहून १०० मण माल मागवावयाचा झाल्यास कोणता मण हें आधीं ठरवावें लागे. अडचण वजनाची नव्हती, शब्दाच्या अर्थाची होती. संगणकाच्या जगांतहि हीच अडचण उभी राहिली. तिचें निवारण कसें झालें व त्यासाठीं कोणती किंमत द्यावी लागली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बँकेचीं खातीं, रेल्वेचीं आरक्षणें, रुग्णालयांतील नोंदी, ही सर्व माहिती आज संगणकांतील कोष्टकांत असते. अशा कोष्टकांच्या सुव्यवस्थित संग्रहास डेटाबेस म्हणतात. कोष्टकाचा प्रत्येक रकाना आंखतांनाच त्यांत काय राहील हें सांगावें लागतें: पूर्णांक, अक्षरें, तारीख, कीं नुसतें होय-नाहीं. ह्यालाच माहितीचा प्रकार, अर्थात् डेटाटाइप, म्हणतात. चोपडी लिहिणारा कारकून रुपयांच्या रकान्यांत नांव लिहीत नाहीं, कारण त्याला अक्कल असते. संगणकाला ती नसते. म्हणून रकान्याचा प्रकार हाच त्याचा नियम.

१९७० सालीं आय.बी.एम. कंपनींतील एडगर कॉड ह्यांनीं माहिती कोष्टकरूपानें मांडण्याची उपपत्ति प्रसिद्ध केली. १९७४ मध्यें त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनीं तिच्या आधारें एक प्रश्नभाषा रचिली. तीच पुढें एस.क्यू.एल. ह्या नांवानें रूढ झाली. निरनिराळ्या कंपन्यांनीं ती उचलली आणि प्रत्येकीनें आपापला मण चालू केला. म्हणून १९८६ सालीं अमेरिकेच्या मानक-संस्थेनें व १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेनें ह्या भाषेचें प्रमाण ठरविलें. १९९२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत तारीख, वेळ व कालावधि ह्यांचे प्रकारहि त्यांत आले.

प्रमाण कागदावर ठरविणें सोपें. जुनी संवय मोडणें अवघड. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचा इतिहास ह्या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. १९८६ मध्यें बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं त्याचें काम सुरू झालें. त्याची प्रश्नभाषा स्वतःची होती आणि कालगणनेच्या प्रकारांचीं नांवेंहि घरचींच. १९९४ मध्यें अँड्र्यू यू व जॉली चेन ह्या दोन विद्यार्थ्यांनीं त्याला एस.क्यू.एल. शिकविली, आणि १९९६ पासून तो पोस्टग्रेस-क्यू.एल. म्हणून ओळखला जाऊं लागला. भाषा बदलली तरी घरचे शब्द राहिलेच होते. ते एकेक करून प्रमाणाशीं जुळवावे लागले. २००० सालच्या ७.० आवृत्तींत ‘डेटटाइम’ व ‘टाइमस्पॅन’ ह्या जुन्या प्रकारांची जागा प्रमाणांतील ‘टाइमस्टँप’ व ‘इंटर्व्हल’ ह्यांनीं घेतली. पुढचे तीन बदल मात्र नांवांवर न थांबतां अर्थालाच हात घालणारे होते.

पहिला बदल अक्षरांच्या मर्यादेचा. रकाना १० अक्षरांचा असावा आणि १४ अक्षरांचें नांव यावें. मग काय करावें? २००२ सालच्या ७.२ आवृत्तीपूर्वीं पोस्टग्रेस शेवटचीं चार अक्षरें मुकाट्यानें कापून टाकीत असे. लिहिणाऱ्याला तें कळत नसे, वाचणाऱ्यालाहि नसे. कळे तें फक्त त्या नांवाच्या मनुष्याला, आणि तेंहि कदाचित् पुष्कळ वर्षांनीं, एखाद्या कचेरींत दोन कागद जुळेनासे झाले म्हणजे. प्रमाण सांगतें कीं, जादा भाग केवळ मोकळ्या जागांचा असेल तर तो खुशाल गाळावा. एरव्हीं नोंद नाकारून चूक बोलून दाखवावी. ७.२ पासून तसें होऊं लागलें. अर्थात् जे प्रोग्रॅम जुन्या मुकाटपणावर विसंबून होते, त्यांची काल चालणारी नोंद आज नाकारली जाऊं लागली. पण तो नकार प्रामाणिक होता.

दुसरा बदल अधिक नाजूक. वेळ दोन तऱ्हांची असते. दुकान सकाळीं दहाला उघडतें, हें भिंतीवरच्या घड्याळाचें दहा. तें मुंबईंत दहा, तसें लंडनांतहि दहाच. परंतु एखादा संदेश मुंबईहून दहाला सुटला, हा साऱ्या पृथ्वीवर एकच क्षण. हिवाळ्यांत त्या क्षणीं लंडनमध्यें पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. प्रमाणाप्रमाणें नुसतें ‘टाइमस्टँप’ म्हटलें कीं पहिल्या तऱ्हेची, कालविभागरहित वेळ. ‘कालविभागासह’ असें स्पष्ट सांगितलें तरच दुसरी. पोस्टग्रेस मात्र नुसत्या शब्दाचा अर्थ कालविभागासह असाच करी. २००२ च्याच ७.३ आवृत्तींत तो अर्थ प्रमाणानुसार उलटविण्यांत आला. येथें धोका असा कीं, शब्द तोच असल्यामुळें चूक म्हणून कांहीं दाखविलें जात नाहीं. उत्तर तेवढें बदलतें. ह्यावर उपाय एकच: पूर्ण शब्दप्रयोग लिहावा, अध्याहृत कांहीं ठेवूं नये.

तिसरा बदल अपूर्णांकांचा. ‘फ्लोट’ ह्या प्रकारापुढें कंसांत आंकडा लिहून अचूकता सांगतात. २००३ सालच्या ७.४ आवृत्तीपूर्वीं तो आंकडा दशमान अंकांचा समजला जाई. प्रमाणांत तो द्विमान अंकांचा आहे. म्हणजे १० लिहिले तर पूर्वीं सुमारें १५ दशमान अंकांची अचूकता देणारा मोठा प्रकार मिळे. पुढें सुमारें ६ अंकांचा लहान प्रकार मिळूं लागला. मणाचा अर्थ बदलतो तो असा!

सर्वांनींच हा मार्ग धरिला असें नाहीं. ओरॅकलमध्यें रिकामी अक्षरमाला आणि ‘माहिती नाहीं’ हीं दोन्हीं एकच मानलीं जातात. वस्तुतः मधलें नांव नसणें आणि मधलें नांव ठाऊक नसणें ह्या भिन्न गोष्टी आहेत. त्याच डेटाबेसमध्यें ‘तारीख’ म्हटली तरी तींत तास, मिनिटें व सेकंदहि येतात. मायएस्क्यूएलमध्यें ‘होय-नाहीं’चा प्रकार म्हणजे एका लहान पूर्णांकाचेंच दुसरें नांव, त्यामुळें त्यांत ५ हा आंकडाहि बसतो. ह्यास हट्ट म्हणणें अन्यायाचें होईल. असंख्य चालू प्रोग्रॅम त्या अर्थांवर उभे आहेत, आणि चालत्या व्यवहाराला दिलेला शब्द पाळणें हेंहि एक कर्तव्यच आहे.

पोस्टग्रेसनेंहि प्रमाण डोळे मिटून स्वीकारलें नाहीं. लांबीची मर्यादा आधीं न सांगतां मजकूर घेणारा ‘टेक्स्ट’ हा प्रकार प्रमाणांत नाहीं. उपयोगी म्हणून तो ठेविला आहे. कालविभागासह वेळ नोंदतांना प्रमाणास मूळ विभागाचें अंतरहि राखावयास हवें असतें. पोस्टग्रेस क्षण तेवढा राखतो.

मग तारतम्य कोणतें? स्वतःच्या नांवानें नवी भर घातल्यास कोणाची दिशाभूल होत नाहीं. पण प्रमाणाचाच शब्द घेऊन त्याला निराळा अर्थ देणें हें फसवणुकीच्या जवळ जातें. तो अर्थ सुधारावयाचा तर त्रास प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला होतो, एकदांच होतो, आणि शोधल्यास त्याला सांपडतो. न सुधारला तर त्रास ज्याचें नांव, ज्याची वेळ, ज्याची रक्कम त्या रकान्यांत आहे त्याला होतो, वारंवार होतो, आणि त्याचें कारण त्याला कधींच कळत नाहीं. ह्या दोहोंपैकीं पोस्टग्रेसच्या कर्त्यांनीं पहिला त्रास पत्करिला, ह्यांतच त्यांचें शहाणपण दिसतें.