फळी उचलायची नाही

युनियनच्या खोलीत आम्ही रविवारी कामगारांची मुले जमवतो. रुंद फळीखाली एक लाकडी ठोकळा दडवतो. चौकोनी की गोल, ते सांगत नाही. मुलांनी चहूबाजूंनी गोट्या सोडायच्या, कोणती सरळ पार गेली, कोणती कुठे वळली ते कागदावर टिपायचे आणि ठोकळ्याचा आकार ठरवायचा. फळी मात्र उचलायची नाही! मुले चिडतात. पण अणूवरची फळी रदरफोर्डला तरी कुठे उचलता आली? १९०९ साली मँचेस्टरला त्याच्या हाताखाली गायगर व मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर आल्फा कण सोडले. बहुतेक आरपार गेले. हजारोंत एखादा माघारी फिरला. त्या माघारी फिरलेल्यांवरून १९११ साली त्याने अणुगर्भ ओळखला.

हे कामगाराच्या पोराला कशाला, असे आम्हांला विचारतात. कार्डिंग खात्यात बापाच्या छातीत जाणारी कापसाची बारीक धूळही डोळ्यांना दिसत नाही. सुटीनंतर कामावर येताच छाती आवळते, त्यावरून डॉक्टर तिचा माग काढतात. दिसत नाही म्हणजे नाहीच, म्हणणारे मॅनेजर आम्ही पुष्कळ पाहिले.

सगळ्या मुलांची चित्रे काही जुळत नाहीत. मग भांडण जुंपते, आणि पुन्हा गोट्या सोडाव्या लागतात.